काचेचा ओळंबा

रायपूरच्या शंकर नगरात एखाद्या नव्या घराची भिंत चढत असताना क्षणभर थांबून पाहावे. गवंडी चार-सहा थर रचतो, मग दोऱ्याच्या टोकाला बांधलेले लोखंडी वजन भिंतीच्या कडेने खाली सोडतो आणि ते झुलावयाचे थांबेपर्यंत स्वतःही थांबतो. तेथला गवंडी त्या साधनास साहुल म्हणतो. त्याच शहरातील मराठी कुटुंबे त्याला ओळंबा म्हणतात. नावे दोन असली तरी प्रश्न एकच आहे : भिंत सरळ उभी आहे की कलली आहे? दोरा आणि वीट यांच्यामधील अंतर वर जेवढे तेवढेच खाली भरले, तर तो पुढचा थर लावावयास घेतो. तसे नसेल, तर लावलेला थर उतरवतो. मोजणारा, निर्णय घेणारा आणि तो अंमलात आणणारा असा तिन्ही अधिकारांचा धनी तेथे एकच मनुष्य असतो.

याच शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. पश्चिमेस भिलाईचा पोलाद कारखाना आहे. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. ईशान्येकडे कोरब्याची वीजकेंद्रे आहेत. या सर्व ठिकाणी उंच धुराडी, प्रचंड टाक्या, याऱ्यांचे रूळ वाहणारे खांब, राखेच्या तळ्यांचे बांध आणि खाणींचे उतार आहेत. तीही सरळ आहेत की कलत आहेत, हा प्रश्न गवंड्याच्या प्रश्नाहून निराळा नाही. परंतु तेथे दोरा सोडून चालत नाही. तेथे वाऱ्याचा जोर असतो, भट्टीची धग असते, स्फोटक वायू असतात, आणि प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. तो अहोरात्र, वर्षानुवर्षे विचारावा लागतो. या गरजेतून केसाएवढ्या काचेच्या तंतूला ओळंब्याचे काम शिकविण्यात आले. ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

कल मोजावयाचाच कशासाठी? कोणतीही भारी वास्तू जमिनीत थोडीफार खचतेच. ती सर्व बाजूंनी सारखी खचली तर सहसा मोठे नुकसान होत नाही. एक बाजू अधिक आणि दुसरी कमी खचली, की वास्तू कलते. कलली की तिचा भार खचणाऱ्या बाजूवर अधिक पडतो. आणि भार वाढला की ती बाजू आणखी खचते. दोष स्वतःलाच खतपाणी घालू लागतो. तडा दिसण्यापूर्वी, आवाज होण्यापूर्वी, पुष्कळदा हा कलच प्रथम बदललेला असतो. म्हणून कल म्हणजे वास्तूची नाडी होय, असे म्हणावयास हरकत नाही.

इटलीतील पिसा येथील मनोरा कलता म्हणूनच जगप्रसिद्ध आहे. त्याचे बांधकाम ११७३ मध्ये सुरू झाले, आणि त्याचा कल वाढत जाऊन इतका धोक्याचा ठरला की १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. दुरुस्तीच्या काळात सप्टेंबर १९९५ मध्ये जे घडले ते या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. मनोऱ्याच्या पायाजवळची जमीन गोठवून काम करण्याचा प्रयत्न चालू असता मनोरा चुकीच्या बाजूकडे, म्हणजे दक्षिणेकडे, सरकू लागला. ही हालचाल दिवसाला अवघ्या काही विकलांची होती. कोणत्याही डोळ्यास ती दिसली नसती. उपकरणांनी ती दाखवली, काम तत्काळ थांबवण्यात आले आणि उत्तरेच्या बाजूस शिशाची आणखी वजने ठेवून मनोरा सावरण्यात आला. पुढे उत्तरेकडील पायाखालची माती थोडीथोडी काढून त्याचा कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी करण्यात आला आणि डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला. रोगापेक्षा औषध घातक ठरत आहे, हे वेळेवर कळले ते मापनामुळे, आणि ते कळताच हात आखडता घेणारे लोक तेथे होते म्हणून.

छत्तीसगडला याच्या उलट असलेली आठवण आहे. २३ सप्टेंबर २००९ रोजी कोरबा येथे एका वीजकेंद्रासाठी बांधले जात असलेले उंच धुराडे वादळी पावसात कोसळले. पावसापासून आडोसा शोधून तळाशी थांबलेले चाळीसहून अधिक मजूर त्याखाली मृत्यू पावले. अशा एखाद्या दुर्घटनेची कारणे अनेक असू शकतात. केवळ कल मोजणारे यंत्र असते तर ते सर्व जीव वाचले असते, असे म्हणणे उथळपणाचे होईल. परंतु उंच वास्तूच्या पायथ्याशी काम करणाऱ्या माणसाला वरची स्थिती कळण्याचा मार्ग असला पाहिजे, ही गोष्ट त्या दिवसानंतर कोणी नाकारू शकणार नाही.

आता मापाकडे वळू. आपल्याकडील ज्योतिषाने कोनाची जी परिमाणे रूढ केली, तीच येथेही उपयोगी पडतात : एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. कला हे माप दिसावयास क्षुल्लक आहे. एक मीटर लांबीची पट्टी एका कलेने कलली, तर तिचे टोक जेमतेम ०.२९ मिलिमीटर सरकते. परंतु भारतातील मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांची धुराडी २७५ मीटरपर्यंत उंच असतात. असे धुराडे पायापासून एका कलेने कलले, तर त्याचा माथा सुमारे ८ सेंटिमीटर सरकतो; एका विकलेने कलले, तर सव्वा मिलिमीटरहून थोडा अधिक. म्हणून उद्योगात कल मोजणाऱ्या उपकरणाने कला तर ओळखावीच, शक्य तर काही विकलाही ओळखाव्यात, अशी अपेक्षा असते.

यासाठी जुनी साधने नव्हती असे नाही. मोठ्या धरणांच्या पोटात आजही ओळंबा असतो. भिंतीत ठेवलेल्या उभ्या विवरातून लांबलचक तार सोडतात आणि तिच्या संदर्भात भिंत किती सरकली हे मोजतात. त्याचा एक उलटा प्रकारही आहे : तारेचे खालचे टोक खोल खडकात पक्के करतात आणि वरचे टोक द्रवात तरंगणाऱ्या तराफ्याला बांधतात, तराफा तार सतत वर ताणून धरतो आणि ती उभी राहते. पाणसळीतील बुडबुडा हेही कलाचेच माप. पुढे वीज आली आणि बुडबुड्याची किंवा लंबकाची जागा विजेच्या सूक्ष्म फरकाने मोजणारी उपकरणे निघाली. ती स्वस्त आहेत, अचूक आहेत आणि असंख्य ठिकाणी उत्तम काम करीत आहेत.

परंतु कारखान्याची जागा विजेच्या नाजूक संकेताला फारशी मानवत नाही. विद्युतभट्ट्या आणि मोठ्या मोटारी आपल्याभोवती चुंबकीय व विद्युत खळबळ माजवतात. तांब्याच्या लांब तारेत ती शिरली की खरा संकेत कोणता आणि गोंगाट कोणता हे ओळखणे कठीण होते. उंच धुराड्यावर वीज पडते, आणि त्या आघाताने तारेच्या टोकाचे उपकरण जळून जाऊ शकते. कोळशाच्या खाणीत किंवा इंधनाच्या टाकीजवळ तर एखादी ठिणगीही परवडणारी नसते. काच विजेची वाहक नाही. जेथे मापन करावयाचे तेथे वीज न्यावयाचीच नाही, प्रकाश तेवढा न्यावयाचा, या कल्पनेचे महत्त्व यामुळे ध्यानात येते.

प्रकाश काचेच्या तंतूतून वळणे घेत जाऊ शकतो याचे कारण संपूर्ण अंतर्गत परावर्तन हे आहे. तंतूचा गाभा आणि त्यावरील काचेचे वेष्टन यांचे गुणधर्म किंचित भिन्न ठेवलेले असतात. त्यामुळे गाभ्यात शिरलेला प्रकाश त्यांच्या सीमेवरून पुनःपुन्हा आतच परत फिरतो आणि पुढे जात राहतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले डॉ. नरिंदरसिंग कपानी यांनी प्रा. हॉपकिन्स यांच्याबरोबर लंडन येथे काचतंतूंच्या जुडीतून चित्र वाहून नेल्याचे काम १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि त्या वेळच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विरून जाई. काच पुरेशी शुद्ध केली तर हा प्रकाश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तसा तंतू घडवला. काव यांना या कार्यासाठी २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज दूरध्वनीचे आणि इंटरनेटचे दळणवळण ज्या तंतूंवर चालते ते याच वंशाचे होत. त्या तंतूचा व्यास वेष्टनासह मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढा असतो, आणि मधला गाभा त्याच्याही चौदा-पंधरा पट बारीक.

अशा तंतूला मोजण्याचे काम कसे साधते? १९७८ मध्ये कॅनडातील ओटावा येथे केन हिल आणि त्यांचे सहकारी तंतूमध्ये तीव्र लेसर प्रकाश सोडून प्रयोग करीत होते. तेव्हा तंतूतून परत फिरणारा प्रकाश हळूहळू वाढत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. प्रकाशाने काचेच्या गाभ्यातच अतिसूक्ष्म, समान अंतरावरच्या पट्ट्यांची रांग उमटवली होती. तंतूच्या बाजूने अतिनील किरण टाकून अशी रांग हव्या त्या ठिकाणी आणि हव्या त्या अंतराने उमटवण्याची रीत १९८९ मध्ये अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केली. या रांगेस ब्रॅग ग्रेटिंग असे नाव आहे.

तिचा गुण असा की तीत अनेक तरंगलांबींचा प्रकाश सोडला, तर ती एकच ठराविक तरंगलांबी परत पाठवते आणि बाकीचा प्रकाश पुढे जाऊ देते. कोणती तरंगलांबी परतावयाची, हे पट्ट्यांमधील अंतरावर ठरते. ते अंतर साधारण अर्ध्या मायक्रोमीटरचे असते. तंतू किंचित ताणला, तर पट्ट्या दूर सरकतात आणि परतणारी तरंगलांबी वाढते. तो आखडला, तर ती कमी होते. सतारीची तार पिळली की तिचा सूर चढतो आणि सैल केली की उतरतो, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. येथे ताणाबरोबर सुराऐवजी प्रकाशाचा रंग बदलतो, एवढेच. तो रंगही डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. तंतूची लांबी दहा लाखांत एक भागाने वाढली, तरी तो बदल यंत्राला ओळखता येतो.

आता यातून ओळंबा करावयाचा, तर वजन हवेच. एका लहानशा पेटीत लवचिक पातीला वजन लटकवलेले असते. पातीच्या दोन्ही अंगांना तंतूचा एकेक भाग चिकटवलेला असतो आणि प्रत्येक भागात एकेक ग्रेटिंग असते. पेटी सरळ आहे तोवर दोन्ही भागांवर सारखाच ताण असतो. ती कलली, की वजन गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने जाऊ पाहते, पाती वाकते, एका अंगाचा तंतू ताणला जातो आणि दुसऱ्या अंगाचा आखडतो. एकाची तरंगलांबी वाढते, दुसऱ्याची घटते. या दोहोंच्या फरकावरून पेटीचा, आणि पेटी ज्या भिंतीवर बसवली त्या भिंतीचा, कल काढता येतो. साधी उपकरणे एका कलेच्या आसपासचा फरक दाखवतात. काळजीपूर्वक घडवलेली काही विकलांपर्यंत पोचतात.

दोन ग्रेटिंगे ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. काचतंतूला ताण जसा जाणवतो तशी उष्णताही जाणवते. तापमान एका अंशाने वाढले, तर तंतूची लांबी दहा लाखांत सुमारे आठ भागांनी ताणल्यासारखा परिणाम दिसतो. म्हणजे ऊन पडले की यंत्र वास्तू कलल्याची खोटी बातमी देऊ शकते. परंतु उष्णता दोन्ही अंगांवर सारखाच परिणाम करते आणि कल मात्र विरुद्ध. म्हणून दोहोंचा फरक घेतला की उष्णतेचा भाग वजा होतो; शिवाय दोहोंची सरासरी घेतली की तापमानही कळते.

या तंतूची दुसरी सोय म्हणजे एकाच तंतूवर अनेक मापके ओवता येतात. प्रत्येकीस आपापली निराळी तरंगलांबी नेमून दिली, की कोणता निरोप कोणाकडून आला याविषयी घोटाळा होत नाही. राखेच्या तळ्याच्या बांधात किंवा खाणीच्या उतारावर खोल विवर खणून त्यात एकेक मीटर अंतरावर अशी वीस मापके उतरवली, तर प्रत्येक मीटरचा कल निराळा कळतो आणि त्यांची बेरीज करून जमीन कोणत्या खोलीवर किती सरकली याचे चित्र उभे राहते. वीसही टप्पे एकाच बाजूस एकेक कला कलले, तर वरचे तोंड सुमारे सहा मिलिमीटर सरकलेले असते. माती कोठून घसरू पाहत आहे, हे वरून दिसत नाही. ते असे आतून पाहावे लागते. वाचन करणारे यंत्र मात्र काही किलोमीटर दूर, सुरक्षित खोलीत ठेवता येते. कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशा तंतूंवर संशोधन झालेले आहे. ही विद्या आपल्याला परकी राहिलेली नाही.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. तंतू स्वस्त असला तरी त्यातील प्रकाश वाचणारे यंत्र महाग असते. एक-दोन मापकांसाठी ते घेणे परवडत नाही. उघडा तंतू तीव्र वळणावर मोडतो, ओलाव्याने त्याची काच कमकुवत होते, आणि ज्या डिंकाने तो चिकटवतात तो डिंक वर्षांनुवर्षे उन्हात सैल पडू शकतो. म्हणून जेथे वीज नेण्यास अडचण नाही, अंतर थोडे आहे आणि धोका नाही, तेथे विजेवरची साधी उपकरणेच शहाणपणाची ठरतात. नवे म्हणून ते सर्वत्र चांगले, असा हा विषय नाही.

शिवाय मापक खरे बोलत असले, तरी त्याच्या बोलण्याचा अर्थ लावावा लागतो. भारताच्या भूमापनाचा एक प्रसंग या दृष्टीने संस्मरणीय आहे. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळून जे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, ते पुढे नेत असताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. तेथेच त्यांचे थडगे आहे. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतले. सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरकडील कलियाना या दोन स्थानांमधील अक्षांशाचा फरक त्रिकोणांच्या मोजणीने एक येत होता आणि ताऱ्यांच्या वेधाने दुसरा. तफावत होती ५.२३६ विकलांची. ताऱ्यांच्या वेधात ओळंबा हाच आधार होता, आणि उत्तरेस हिमालयाचा अवाढव्य पसारा होता. पर्वताने ओळंब्याला आपल्याकडे ओढले असेल काय? कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी १८५५ मध्ये गणित केले, तर हिमालयाच्या ओढीने तफावत १५ विकलांहून अधिक यावयास हवी होती. प्रत्यक्षात ती त्याच्या एक तृतीयांशच होती. पर्वतांच्या खाली हलक्या द्रव्याची मुळे असावीत, असे उत्तर जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी सुचविले, आणि पृथ्वीच्या कवचाविषयीच्या एका नव्या विचाराचा पाया घातला गेला. ओळंबा खोटा नव्हता. त्याला कोण ओढत आहे, हे विचारावयाचे राहिले होते.

धुराड्यावर बसवलेल्या मापकाचेही तसेच आहे. सकाळी पूर्वेकडची बाजू तापते, प्रसरण पावते आणि धुराडे पश्चिमेकडे झुकते. संध्याकाळी त्याच्या उलट होते. २७५ मीटर उंच आणि सर्वत्र २० मीटर व्यासाचे काँक्रीटचे धुराडे कल्पावे आणि त्याच्या दोन बाजूंच्या तापमानात दहा अंशांचा फरक धरावा, तर साध्या हिशेबाने त्याचा माथा सुमारे १९ सेंटिमीटर सरकतो आणि माथ्याजवळचा कल चार कलांहून अधिक भरतो. यात काहीही बिघडलेले नसते. परंतु तेवढाच कल पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, वारा पडलेला असताना तसाच राहिला, आणि दुसऱ्या पहाटे त्यात किंचित भर पडली, तर मात्र चिंता करावयास हवी. एकच आकडा दुपारी निरुपद्रवी आणि पहाटे गंभीर ठरू शकतो. म्हणून वास्तू नवी व निर्दोष असतानाच मापके बसवून ऋतुमानाप्रमाणे तिच्या हालचालींची वर्षभराची नोंद ठेवणे इष्ट असते. निरोगी असताना नाडी कशी चालते हे ज्या वैद्याला ठाऊक नाही, त्याला आजारात तिचा अर्थ कसा लागावा?

आणि शेवटी प्रश्न उरतो तो माणसाचा. शंकर नगरातील गवंडी ओळंबा पाहून थर उतरवतो, कारण पाहणारे डोळे आणि उतरवणारे हात एकाच देहाचे असतात. मोठ्या कारखान्यात मापक बसवणारा एक, यंत्र वाचणारा दुसरा, अहवाल लिहिणारा तिसरा, तो स्वीकारणारा चौथा, आणि काम थांबवण्याचा अधिकार पाचव्याकडे असतो. थांबवण्यात नुकसान कोणाचे आणि न थांबवण्यात मरण कोणाचे, यांचीही फाळणी झालेली असते. प्रकाश निरोप घेऊन क्षणार्धात येतो. तो पाच टेबलांवरून जाण्यास पाच दिवस लागले, तर प्रकाशाच्या वेगाचा काय उपयोग? म्हणून कल किती झाला म्हणजे पहिली सूचना द्यावयाची, किती झाला म्हणजे पायथ्याची माणसे हलवावयाची, आणि तो हुकूम रात्रपाळीच्या कोणत्या माणसाने कोणाला न विचारता द्यावयाचा, हे मापक बसवण्याच्या दिवशीच लिहून ठेवले पाहिजे. तो कागद यंत्राहून स्वस्त असतो, परंतु त्याच्यावाचून यंत्र व्यर्थ होय.

काचतंतूने ओळंब्याला नवे शरीर दिले. तो आता धगीत, वादळात, वायूच्या कोंडमाऱ्यात आणि जमिनीच्या पोटातही लटकू शकतो, आणि न झोपता बोलू शकतो. मात्र कललेला थर उतरवण्याचे जे धैर्य साध्या गवंड्याजवळ असते, ते ज्याचे त्यालाच दाखवावे लागते.